जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली शर्यतीसाठी तयार करताना या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात आजही कुठल्यातरी ओसरीवर किंवा शेतातल्या खोलीत ताडपत्रीखाली झाकलेली आरएक्स 100, राजदूत, येझदी किंवा समुराई सापडते. अशी गाडी हौशी क्लब शर्यतीसाठी तयार करण्याचे मनावर घेतलेला तरुण बहुधा पहिल्याच दिवशी सिलिंडर उतरवतो आणि कानस घेऊन पोर्टवर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतील वायूच्या खिडक्यांवर, बसतो. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे, कारण दहा-पंधरा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनाची ताकद वाढवण्याआधी ते हवाबंद आहे की नाही, हे तपासावे लागते.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँक फिरणारी पेटी, हाच पंप असतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात आणि गाडी उभी राहिली की ती कडक होतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले, तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचे फेरे लगेच खाली येत नाहीत, हे त्याचे ठळक लक्षण. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअरबॉक्समधील ऑइल आत ओढले जाते, पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत राहते. अशा वेळी लोक कार्ब्युरेटर चार-चार वेळा खोलतात आणि दोष मात्र तिथे नसतोच. कार्ब्युरेटरचे आणि सायलेन्सरचे तोंड रबरी बुचाने बंद करावे, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने साधारण 6 पौंड दाब भरावा आणि गेजचा काटा काही मिनिटे जागेवर राहतो का, ते पाहावे. काटा उतरत असेल, तर जोडांवर आणि सीलवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडा जिथे फुगेल, तिथे गळती आहे. या कामाला तासभर लागतो आणि एक पिस्टन वाचतो.

जेटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या, बाबतीत खान्देशाचे हवामान फार कडक परीक्षा घेते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 44 अंशांच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो 10 अंशांच्या आसपास येतो. एवढ्या फरकाने थंड हवा उन्हाळ्यातील हवेपेक्षा सुमारे 12 टक्के दाट होते. हवेचा ओढा वाढल्यामुळे कार्ब्युरेटर स्वतःहून थोडे जास्त पेट्रोल सोडतो, पण ती वाढ साधारण निम्मीच असते. उरलेले 6 टक्के आपल्याला मोठा मेन जेट घालून भरून काढावे लागतात. हे मी नुकसान सोसून शिकलो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता जेट बसवून प्लगने चांगला तांबूस-करडा रंग दाखवलेली माझी आरएक्स मी डिसेंबरमध्ये, सकाळी सातच्या थंडीत, त्याच जेटवर पूर्ण थ्रॉटलने पळवली. चौथ्या गिअरमध्ये आवाज एकाएकी कोरडा आणि पातळ झाला, ताकद क्षणभर वाढल्यासारखी वाटली आणि मागचे चाक जाम झाले. हात क्लचवर होता म्हणून मी पडलो नाही. ताकद वाढल्याचा तो क्षण म्हणजे धोक्याची सूचना असते, हे तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. त्या क्षणी क्लच दाबून थ्रॉटल सोडलाच पाहिजे.

उंचीचाही विचार करावा लागतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटरवर आहे, तर नाशिक-पुणे साडेपाचशे मीटरच्या पुढे. राहुड घाट चढून नाशिकला गेलेल्या गाडीचे मिश्रण किंचित दाट होते आणि गाडी जड पळते, पण त्यात इंजिनाला धोका नसतो. तिकडे बसवलेला जेट तसाच ठेवून गाडी खाली आणून पळवणे मात्र धोक्याचे आहे. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे तेच इंजिन त्याच जेटवर आणखी पातळ चालते, म्हणून 1980 च्या दशकातल्या पुस्तिकेतला जेटचा आकडा सुरुवातीपुरता धरावा आणि त्याहून मोठ्या जेटपासून हळूहळू खाली यावे. जुन्या नळ्या, ओ-रिंग आणि कॉकचे वॉशरही या पेट्रोलने फुगतात, त्यामुळे ते आधी बदलावेत. पेट्रोलचा कॉक एका बाटलीत सोडून मोजावा: पंधरा अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला शंभर ते दीडशे मिलिलिटर पेट्रोल पिते, तेव्हा कॉकने त्याच्या दुप्पट तरी सोडले पाहिजे.

प्लगचा रंग पाहतानाही चूक होते. गाडी सावकाश परत आणून, आयडलवर थांबवून प्लग काढला, तर दिसतो तो आयडलचा रंग. बंद ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटलला काही सेकंद पळवून क्लच दाबावा, त्याच क्षणी इग्निशन बंद करावे आणि मग चिनी मातीच्या दांड्याच्या तळाशी असलेला रंगाचा कडा पाहावा. वर्दळीच्या रस्त्यावर हा प्रयोग कोणीही करू नये.

ऑइलबद्दल एक गैरसमज फार खोलवर बसला आहे. ऑइल जास्त घातले की मिश्रण दाट होते, असे समजले जाते. मिश्रण म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण. जेटमधून ऑइल जास्त गेले, तर तेवढे पेट्रोल कमी जाते. 40 ला 1 वरून 20 ला 1 केले, तर पेट्रोल सुमारे अडीच टक्क्यांनी घटते आणि इंजिन उलट पातळ चालते. ऑइलचे प्रमाण बदलले, तर जेट पुन्हा तपासावा. ऑइल पंप काढून टाकी मिश्रणावर चालवणाऱ्यांनी पंपाची जागा आणि कार्ब्युरेटरवरील नळीचे तोंड नीट बुजवावे, आणि ऑइल बाटलीच्या बुचाने न मोजता खुणांच्या नळकांड्याने मोजावे. 5 लिटरला 30 ला 1 म्हणजे 167 मिलिलिटर.

आता सिलिंडरच्या वरच्या भागाकडे येऊ. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी हेड लेथवर घासून आणले जाते, पण पिस्टन आणि हेडच्या कडेमध्ये किती फट उरली, हे मोजणारे थोडेच. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सरकवावी, तिचे टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकवावे आणि मॅग्नेट हाताने फिरवून पिस्टन वरून पार करावा. चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरवर मोजावी. तार गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) रेषेत, दोन्ही बाजूंना धरावी, कारण त्याला आडव्या दिशेने पिस्टन डुलतो आणि माप खोटे येते. 50 मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) इंजिनात ही फट 0.9 ते 1.0 मिलिमीटर ठेवणे मला योग्य वाटते. फार कमी ठेवली, तर जास्त फेऱ्यांवर पिस्टन हेडला शिवू शकतो. शिवाय पंपावरच्या साध्या पेट्रोलला कॉम्प्रेशनची मर्यादा आहे.

पोर्ट घासताना किती घासले, याचा हिशेब ठेवावा. आरएक्स 100 चा बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) दोन्ही 50 मिलिमीटर आहेत. एवढ्या स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्टची वरची कडा 1 मिलिमीटर वर नेली, की तो उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या फेऱ्यातील सुमारे साडेचार अंशांनी वाढतो. तीन मिलिमीटर घासणारा माणूस कमी फेऱ्यांवरची ताकद गमावतो आणि मूळ सायलेन्सरवर वरचीही त्याला मिळत नाही. पोर्ट फार रुंद केला, तर रिंग त्यात अडकून तुटू शकते. घासलेल्या कडा गोलसर केल्याशिवाय सिलिंडर चढवू नये.

सायलेन्सरचा संबंध पोर्टशी आहे, आवाजाशी नाही. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे वाल्टर काडेन यांनी एक्झॉस्टमधील दाबाच्या लाटा मोजून 1961 मध्ये 125 सीसीच्या इंजिनातून 25 अश्वशक्ती काढली. पोर्ट 180 अंश उघडा आणि लक्ष्य मिनिटाला 8500 फेरे असेल, तर पिस्टनपासून पाइपमधल्या, लाट मागे परतवणाऱ्या निमुळत्या शंकूपर्यंतची लांबी साधारण 90 सेंटिमीटर येते. 10,000 फेऱ्यांसाठी ती पाऊण मीटरच्या आसपास उतरते. दुसऱ्याच्या गाडीचा पाइप आपल्या सिलिंडरला का चालत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, पुढे घेतले की गाडी पळते, हाही समज सोडावा. ते डायल गेजनेच लावावे. जास्त पुढे घेतलेल्या स्पार्कमुळे उष्णता पाइपाऐवजी पिस्टनच्या माथ्यात जाते आणि वरचे फेरे उलट कमी होतात.

इंजिन सीज झालेच, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकलाच, तर नवा पिस्टन आणण्याआधी जुना उजेडात धरून पाहावा. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील, तर मिश्रण पातळ झाले होते किंवा ऑइल कमी पडले. चार ठिकाणी उभे पट्टे असतील, तर पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमधली फट कमी होती किंवा गाडी गरम न करताच ताणली. माथ्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत असेल, तर नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होत होते, आणि मध्ये भोक असेल, तर टायमिंग, प्लगची उष्णता-श्रेणी आणि जेट तिन्ही तपासावे लागतात. त्यानंतर सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी बोअर गेजने मोजावा आणि मापे वहीत लिहावीत. बोअर करायला देताना नवा पिस्टन सोबत द्यावा आणि त्या पिस्टनला मोजूनच बोअर करण्यास सांगावे, कारण डब्यावर छापलेले माप आणि आतल्या पिस्टनचे माप दर वेळी जुळतेच असे नाही.