घरी यूव्हीने पीसीबी बनवताय? या चुका टाळा

पीसीबी म्हणजे तांब्याचे ट्रॅक (वीज वाहून नेणाऱ्या रेघा) असलेला सर्किट बोर्ड. तो बिघडला की पहिला आळ फिल्मवर येतो, म्हणजे तांब्यावर चिकटवायच्या आणि यूव्ही (अतिनील) उजेडाने पक्क्या होणाऱ्या पातळ थरावर. ‘जुना माल दिला हो दुकानदाराने!’ फिल्म बहुतेक वेळा बरी असते, नडते ती घाई.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक वरच्या प्लास्टिकची. निळ्या ड्राय फिल्मला दोन्ही बाजूंनी पारदर्शक आवरण असतं. एक तांब्यावर चिकटवण्याआधी काढायचं, दुसरं एक्स्पोजर (डिझाइन छापलेली पारदर्शक शीट ठेवून यूव्ही उजेड देणं) झाल्यावर, डेव्हलप करण्याआधी (नको असलेली फिल्म सोड्याच्या पाण्यात धुण्याआधी). पहिलं सगळे काढतात. दुसरं? इंजिनिअरिंगचा एक मुलगा सबमिशनच्या आदल्या रात्री बोर्ड घेऊन माझ्याकडे आला. सोड्याच्या पाण्यात घासून घासून हात पांढरे पडलेले, फिल्म काही सुटेना. म्हणून पठ्ठ्याने आधी सोडा वाढवला, मग पाणी तापवलं आणि शेवटी कास्टिक (कास्टिक सोडा) टाकलं. कास्टिक कडेकडेने आत शिरलं आणि जे ट्रॅक राहायला हवे होते तेच सुटायला लागले. वरचं प्लास्टिक मात्र जागच्या जागी! कोपऱ्याला सेलोटेपचा तुकडा चिकटवून ओढा, आवरण उचलून येतं. ते हातात आल्याशिवाय मी सोड्याची पुडी उघडत नाही.

सोडा धुण्याचा घ्या, खाण्याचा नको. लिटरभर कोमट पाण्याला साधारण 10 ग्रॅम पुरतो. कास्टिक लागतं ते एचिंगनंतर (उघडं तांबं विरघळवल्यावर) उरलेली फिल्म उतरवायला.

दुसरं दुखणं: ‘सर, एक्स्पोजर किती मिनिटं देऊ?’ मला काय माहीत? तुमचा दिवा वेगळा, त्याचं अंतर वेगळं, शीटवरची शाई वेगळी. नखांच्या जेल पॉलिशचा दिवा वापरणाऱ्याने यूव्ही एलईडीवाल्याची वेळ उचलली तर बोर्ड फुकट जाणारच. फिल्म लावलेल्या बोर्डाच्या कात्रणावर बारीक ट्रॅकची शीट ठेवा, वर पुठ्ठा धरा आणि दर अर्ध्या मिनिटाने तो थोडा थोडा सरकवत न्या. डेव्हलप केल्यावर जिथे ट्रॅकच धुऊन गेले तिथे उजेड कमी पडला; जिथे दोन ट्रॅकमधली फट मोकळी होत नाही तिथे जास्त झाला. मधली वेळ तुमची. मी ती दिव्यावरच मार्करने लिहून ठेवतो. दिवा किंवा शीट बदलली की पुन्हा कात्रण. एवढाही धीर नसेल तर सरळ व्हेरोबोर्डवर (भोकं आणि तांब्याच्या पट्ट्या असलेला तयार बोर्ड) सोल्डर करा.

बाकी किरकोळ. शीटची शाईची बाजू फिल्मला टेकलेली हवी, नाहीतर उजेड काळ्याखाली शिरतो आणि कडा फुगतात. वर काच दाबा. ही फिल्म निगेटिव्ह आहे, म्हणजे ट्रॅक पारदर्शक आणि बाकी सगळं काळं. तांबं घासल्यावर त्याला बोट लावू नका. खिडकीतल्या उन्हात फिल्म कापू नका. पेटलेल्या यूव्ही दिव्याकडे बघू नका.

आणि एचिंगचं फेरिक क्लोराईड स्टीलच्या सिंकमध्ये ओतू नका. ते स्टीलही खातं. वापरलेलं प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, झाकणही प्लास्टिकचंच.