हॉरर कादंबरीवरचा सिनेमा बघितला, आता त्यावर मत कसं बनवायचं?

आधीच सांगते, खाली बऱ्याच कादंबऱ्यांचे आणि सिनेमांचे शेवट उघड केलेत, त्याशिवाय हा विषय बोलताच येत नाही. ज्याचं नाव दिसेल आणि तुमचं वाचायचं-बघायचं राहिलं असेल तो परिच्छेद सरळ सोडून पुढे जा.

हॉररच्या फॅन लोकांचं एक भांडण कधी संपतच नाही. कादंबरीवर सिनेमा आला की अर्धे म्हणतात पुस्तकाची वाट लावली, उरलेले म्हणतात पुस्तक विसरा आणि सिनेमा म्हणून बघा. दोघंही जीव तोडून बोलतात कारण दोघांचंही त्या गोष्टीवर प्रेम असतं, पण बोलणं बहुतेक वेळा हे कापलं, ते बदललं, हे पात्र असं दिसतच नाही, एवढ्यावरच अडकतं. फरकांची यादी कोणीही करेल हो. वाचताना भीती नेमकी कुठून येत होती, ती पडद्यावर पोचली का, आणि पोचली तर कुठल्या वाटेने, हे सांगता आलं की ते मत झालं. कथेशी किती इमान राखलं ते नंतर बघू, भीतीशी राखलं का ते आधी बघायचं.

आधी पुस्तक की आधी सिनेमा?

माझा कल पुस्तकाकडे आहे. सिनेमा एकदा बघितला की त्या नटाचा चेहरा डोक्यातून जात नाही, 'द शायनिंग' बघून झाल्यावर पुस्तकातल्या जॅकला जॅक निकोल्सनशिवाय वाचणं जवळजवळ अशक्य आहे, आणि पुस्तकातला जॅक वेगळाच माणूस आहे (त्यावर येतेच). पण पुस्तक संपवून दुसऱ्याच दिवशी सिनेमा लावू नका, कारण मग तुम्ही सिनेमा बघत नाही, तपासत बसता. काही आठवडे जाऊ द्यात. बारीक तपशील पुसले जातात आणि जे डोक्यात चिकटून राहतं तेच बहुतेक वेळा त्या पुस्तकाचं खरं बळ असतं.

पुस्तक संपलं की त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवा. कथा नाही लिहायची. कुठल्या ठिकाणी पुस्तक खाली ठेवावंसं वाटलं, कशाने काटा आला, कुठलं पात्र मरू नये असं वाटत होतं, बस एवढंच. हे चार शब्द पुढे फार कामाला येतात कारण सिनेमा बघितल्यावर आठवणी एकमेकांत मिसळतात आणि मग पुस्तकात काय होतं आणि पडद्यावर काय होतं हेच कळेनासं होतं.

आणि ट्रेलर टाळा, प्लीज. 'पेट सिमेटरी'च्या 2019 च्या सिनेमात पुस्तकातला सगळ्यात मोठा धक्का बदललाय, लहान मुलाऐवजी मोठी मुलगी मरते. वाचलेल्या माणसालाही चकवणारा बदल होता तो, आणि ट्रेलरनेच तो आधी फोडून टाकला.

भीती कुठल्या जातीची आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा. हॉरर कादंबरी एकाच पद्धतीने घाबरवत नाही. काही पुस्तकं पात्राच्या डोक्यात बसून घाबरवतात, काही जे दिसत नाही त्याने, काही माणसातल्या क्रूरपणाने, आणि काही नुसत्या सांगण्याच्या पद्धतीने, म्हणजे पत्रं, डायऱ्या, बातम्यांची कात्रणं वगैरे. यातली प्रत्येक गोष्ट कॅमेऱ्यासमोर वेगळी वागते.

शर्ली जॅक्सनची 1959 ची 'द हाँटिंग ऑफ हिल हाऊस' घ्या. तिथे घर खरंच झपाटलेलंय की तिथे राहायला आलेल्या एलिनॉरचं मन ढासळतंय हे शेवटपर्यंत पक्कं होत नाही आणि सगळी भीती त्या न कळण्यात आहे. रॉबर्ट वाइजने 1963 मध्ये त्यावर सिनेमा केला तेव्हा भूत दाखवलंच नाही, नुसते आवाज, फुगणारं दार, आणि एलिनॉरच्या मनातलं बोलणं. 1999 मध्ये तीच कथा परत आली आणि त्यात कॉम्प्युटरने केलेली भुतं भिंतीभिंतीतून बाहेर आली. घर तेच आहे, पात्रांची नावं बहुतेक तीच आहेत, पण न कळण्याची भीती गेली ना. आता या दोन सिनेमांची तुलना करताना कोणी किती प्रसंग ठेवले हे मोजत बसलात तर मुद्दा हातातून निसटेल.

उलटं पण होतं. 'कॅरी' (1974) ही स्टीफन किंगची पहिली छापलेली कादंबरी, त्यात मधेमधे बातम्या, चौकशीचे जबाब, नंतर लिहिल्या गेलेल्या पुस्तकांतले उतारे येतात, म्हणजे काहीतरी भयंकर घडणार हे तुम्हाला सुरुवातीपासून माहीत असतं आणि तुम्ही त्याची वाट बघत बसता. ब्रायन डी पाल्माने 1976 च्या सिनेमात ही सगळी रचना काढून टाकली आणि सरळ मुलीची गोष्ट सांगितली. पण वाट बघण्याची भीती त्याने ठेवली, त्या प्रॉमच्या (शाळेच्या नाचाच्या पार्टीच्या) प्रसंगात वर टांगलेली रक्ताची बादली आपल्याला दिसते, कॅरीला दिसत नाही, आणि तो प्रसंग इतका ताणलाय की जीव वर-खाली होतो. शेवटी थडग्यातून येणारा हात पुस्तकात नाही, तरी तो कोणाला खटकत नाही.

'रिंग'चं तर विचारूच नका. कोजी सुझुकीच्या 1991 च्या कादंबरीत मुख्य पात्र पुरुष पत्रकार आहे आणि पुस्तक बरंचसं तपासकथेसारखं चालतं. हिदेओ नाकाताने 1998 मध्ये पत्रकाराला एकटी आई केलं आणि टीव्हीतून बाहेर सरपटत येणारं सादाको नावाच्या मुलीचं भूत दाखवलं, तो प्रसंग पुस्तकात नाहीच. म्हणजे त्या गोष्टीचं जगभर डोक्यात बसलेलं चित्र हे सिनेमाने घातलेलं आहे. तसंच 'ड्रॅक्युला'चं, ब्रॅम स्टोकरच्या 1897 च्या कादंबरीत काउंट ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी असते. सूर्यप्रकाशाने व्हँपायर मरतो ही गोष्ट 1922 च्या 'नोस्फेरातू'ने आणली, आणि तो सिनेमा परवानगी न घेता केलेला होता, स्टोकरच्या बायकोने केस केली आणि कोर्टाने प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या. सुदैवाने सगळ्या नष्ट झाल्या नाहीत. त्यामुळे 'मूळ पुस्तकात असं होतं' असं ठासून सांगायच्या आधी एकदा पुस्तक उघडून बघाच.

बदल दिसला की 'का' विचारा

बदल दिसला की लगेच चिडू नका आणि लगेच माफही करू नका. आधी कारण शोधा. वेळ कमी होता का, तंत्र नव्हतं का, की दिग्दर्शकाला वेगळंच काही सांगायचं होतं? किंगचं 'इट' हजाराहून जास्त पानांचं पुस्तक आहे, त्यात लहानपण आणि मोठेपण एकमेकांत गुंफलेलंय, आणि आठवणी हळूहळू परत येण्यातच सगळी गंमत आहे. 2017 आणि 2019 च्या सिनेमांनी दोन्ही काळ वेगळे केले. पहिला भाग मुलांचा म्हणून घट्ट झाला, दुसरा 169 मिनिटांचा असूनही विस्कळीत वाटतो, कारण मोठ्यांच्या गोष्टीला त्या गुंफणीचाच आधार होता. हे माझं मत, पटलं नाही तर जरूर भांडा, पण कारणावर भांडा.

किंगच्याच 'मिझरी'मध्ये पुस्तकातली ॲनी तिने कोंडून ठेवलेल्या पॉल या लेखकाचा पाय कुऱ्हाडीने तोडते, सिनेमात ती घणाने घोटे मोडते. कागदावर बघाल तर सिनेमा मवाळ झाला. प्रत्यक्षात तो प्रसंग आजही लोक डोळे झाकून बघतात, कारण रक्त कमी असल्यामुळे आपलं लक्ष ॲनी झालेल्या कॅथी बेट्सच्या शांत, मायेच्या चेहऱ्यावर राहतं. त्या कामासाठी तिला ऑस्कर मिळालं.

आता शायनिंग. किंगच्या 1977 च्या पुस्तकात झुडपं कापून केलेले प्राणी जिवंत होतात, कुब्रिकच्या 1980 च्या सिनेमात त्याजागी भूलभुलैया आहे. त्या काळच्या तंत्रात ते प्राणी पटतील असे दाखवणं कठीणच होतं, आणि खात्री करून घ्यायची असेल तर 1997 ची टीव्ही मालिका बघा, तिची पटकथा स्वतः किंगची होती, त्यात प्राणी आहेत आणि ते बघून भीती वाटत नाही. म्हणजे हा बदल मला पूर्ण मान्य. पण जॅकचं तसं नाही. पुस्तकातला जॅक हिवाळ्यात बंद हॉटेल सांभाळायला आलेला, दारूशी झगडणारा, मुलावर खरंच प्रेम करणारा बाप आहे, ते झपाटलेलं हॉटेल त्याला हळूहळू खातं, आणि शेवटी क्षणभर का होईना तो परत बाप होतो आणि मुलाला पळ म्हणतो. बॉयलर फुटतो, हॉटेल जळतं. सिनेमातला जॅक पहिल्या मुलाखतीपासूनच धोकादायक वाटतो आणि तो बर्फात गोठून मरतो, हॉटेल तसंच उभं राहतं. एकात चांगला माणूस हातातून जाण्याची भीती आहे, दुसऱ्यात घरातल्याच माणसासोबत कोंडलं जाण्याची. मला दोन्ही आवडतात, पण कोणी म्हणालं की सिनेमात माझं पुस्तक हरवलं तर त्या माणसाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, कारण हरवलेली गोष्ट छोटी नाही.

इथे एक व्यायाम सुचवते, अख्ख्या कलाकृतीची तुलना करण्यापेक्षा एकच प्रसंग घ्या. बाथटबमधल्या बाईचा प्रसंग (पुस्तकात खोली 217, सिनेमात 237). पुस्तकात जॅकचा छोटा मुलगा डॅनी आत जातो आणि ती त्याला दिसते. नंतर जॅक जातो, टब रिकामा असतो, तो निघतो आणि मागे पडद्याच्या कड्या वाजतात. पडद्याआड काहीतरी असतं आणि तो बघायचं टाळतो. सिनेमात डॅनीचा अनुभव दाखवलेलाच नाही, जॅकला मात्र सगळं समोर दिसतं. प्रकरण वाचा, प्रसंग बघा, मग तोच प्रसंग एकदा आवाज बंद करून बघा. संगीत काढल्यावर किती भीती उरते ते कळलं की दिग्दर्शकाने शब्दांच्या जागी काय ठेवलंय ते आपोआप दिसायला लागतं.

शेवट बदलला असेल तर

शेवटावर लोक सगळ्यात जास्त चिडतात आणि ते बरोबरच आहे, कारण हॉररमध्ये शेवट ठरवतो की आपण सुटलो की नाही. किंगच्या 'द मिस्ट'ची मूळ कथा अनिश्चित, थोडी आशा ठेवून थांबते. फ्रँक डॅराबाँटने 2007 मध्ये जो शेवट केला तो भयानक आहे, धुक्यातल्या राक्षसांपासून आता सुटका नाही असं समजून बाप स्वतःच्या मुलाला आणि बाकीच्यांना गोळ्या घालतो आणि पुढच्याच क्षणी धुक्यातून सैन्य येतं. हा शेवट किंगलाही फार आवडला. बदल मोठा आहे पण कथेतली भीती, म्हणजे घाबरलेला माणूस काय करून बसतो, तीच टोकाला नेलीय.

याच्या उलट 'आय ॲम लेजंड'. मॅथिसनच्या 1954 च्या कादंबरीचा सगळा अर्थच शेवटी आहे, नायकाला कळतं की व्हँपायर झालेल्यांच्या या नव्या जगासाठी राक्षस आपणच आहोत. 2007 चा सिनेमा थिएटरमध्ये आला तेव्हा नायक बलिदान देऊन वीर झाला. गंमत म्हणजे दुसरा शेवट शूट केलेला होता, पुस्तकाच्या बराच जवळचा, ज्यात नायकावर चालून आलेला प्राणी फक्त आपल्या जोडीदारणीला न्यायला आलेला असतो. म्हणून मत देण्याआधी कुठली आवृत्ती बघितली ते तपासा. 'द एक्सॉर्सिस्ट'चीही 2000 मध्ये लांबवलेली आवृत्ती आली होती आणि तिचा शेवट मूळ सिनेमापेक्षा जरा उजळ आहे.

लेखकाला आवडलं नाही, मग?

लेखकाचं म्हणणं ऐका पण तिथे थांबू नका. किंगला कुब्रिकचा सिनेमा रुचला नाही हे जगजाहीर आहे, तरी तो सिनेमा आज हॉररमधला मानाचा सिनेमा आहे. आणि लेखक स्वतः पटकथा लिहितो तेव्हा तोही कात्री लावतोच, 'लेट द राइट वन इन'ची 2008 ची पटकथा मूळ कादंबरीचा लेखक लिंडक्विस्ट याचीच आहे आणि त्यात त्या व्हँपायर मुलीसोबत राहणाऱ्या माणसाचा काळाकुट्ट भाग त्याने बराच गाळलाय. माईक फ्लॅनेगनने 2019 मध्ये 'डॉक्टर स्लीप' (शायनिंगची पुढची गोष्ट) करताना मला फार आवडलेली गोष्ट केली, कुब्रिकचं हॉटेल घेतलं आणि किंगचा बॉयलरचा शेवट त्यात परत आणला. दोन्ही बाजूंच्या फॅन लोकांचा मान ठेवला त्याने. किंगलाही ते भावलं.

मालिकांना वेगळी फूटपट्टी लावा. फ्लॅनेगनच्याच 2018 च्या हिल हाऊस मालिकेत पुस्तकातल्या अनोळखी पाहुण्यांची सख्खी भावंडं झालीत, म्हणजे ती पुस्तकाची मालिका नाहीच, त्या घरावरून सुचलेली वेगळी गोष्ट आहे. तिला दुःखाची गोष्ट म्हणून बघा, छान आहे. 'तुंबाड'मध्येही धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलीय आणि नाव पेंडशांच्या कादंबरीवरून आलंय, तिथे पान-पान जुळवायला बसण्यात काही अर्थ नाही.

मत लिहिताना

पहिल्या वाक्यात सांगून टाका की पुस्तक वाचलंय की नाही आणि कुठली आवृत्ती बघितलीय. मग पुस्तकातली भीती एका वाक्यात, सिनेमातली एका वाक्यात, आणि तुमच्या दृष्टीने काय गेलं, काय मिळालं. ज्याने पुस्तक वाचलं नाही त्याला गप्प करू नका, तो सिनेमा त्याच्याचसाठी पण बनलेला असतो आणि कोणाचीही तयारी नसताना तो सिनेमा भीती पोचवतो का हे तोच सांगू शकतो. आणि शेवट उघड करणार असाल तर वर तसं लिहा, जुनं पुस्तक असलं तरी, कारण कोणीतरी ते आज रात्री पहिल्यांदा वाचायला घेणार असतं.