भूकंप-ज्वालामुखीचा धडा शिकवताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की त्याच चुका तक्त्यांवर उमटतात आणि कुठे भूकंप झाला की त्याच बातम्यांत. सगळ्यात जुनं दुखणं आधी घेऊ.

एका आकड्यावर भूकंप तोलणं

"साडेसातचा झाला, म्हणजे किल्लारीपेक्षा भयंकर!" हे सर्रास ऐकू येतं. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची महत्ता (भूकंपाच्या एकूण ताकदीचा आकडा) ६.२ होती. २६ ऑक्टोबर २०१५ ला हिंदुकुशात ७.५ चा झाला, म्हणजे ऊर्जा किल्लारीच्या जवळजवळ नव्वद पट. तिथे बळी चारशेच्या आसपास, किल्लारीत दहा हजारांच्या घरात. हिंदुकुशातली भूकंपनाभी, म्हणजे खडक जिथे तुटतो ती जागा, दोनशे किलोमीटरहून खोल होती, किल्लारीतली फार तर दहा. शिवाय वेळ पहाटे चारच्या सुमाराची, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून माणसं घरात झोपलेली. घरं दोन-दोन फूट जाड दगडमातीच्या भिंतींची, वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, जड थर. भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही. हादऱ्याने पदर सुटे झाले आणि माळवद खाली आलं. आणि हा सगळा भाग तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता! २००२ च्या नकाशात ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं.

महत्ता भूकंपाला एकच असते, तीव्रता, म्हणजे त्या जागी जाणवलेला हादरा, गावागणिक बदलते आणि एक ते बारा अशी मोजतात. भूकंपाबद्दल काहीही लिहायच्या आधी कागदावर चार रकाने आखावेत: महत्ता, खोली, वेळ, घरांचा प्रकार. एकही रकाना रिकामा असेल तर "भयंकर" हा शब्द खोडावा.

'रिश्टर'चंही तसंच. १९३५ साली अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर यांनी दक्षिण कॅलिफोर्नियासाठी, एका विशिष्ट भूकंपमापकावर बेतून ते मोजमाप बसवलं. शंभर किलोमीटरवरच्या यंत्रात आलेख एक मिलिमीटर हलला तर महत्ता ३. मोठ्या भूकंपांना ते पुरत नाही, म्हणून आता मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात, म्हणजे किती खडक किती सरकला यावरून काढलेली महत्ता. हे गणित मुलांकडून एकदा करून घ्याच. २० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद प्रस्तरभंग (खडकातली तुटलेली भेग) १ मीटर सरकला आणि खडकाची दृढता ३ × १०^१० पास्कल धरली, तर गुणाकार ९ × १०^१८ न्यूटन-मीटर. त्याचा दहाच्या पायावरचा लॉगॅरिथम काढा, ९.१ वजा करा, दोन-तृतीयांशाने गुणा. उत्तर ६.६. कुणाचं २.६ आलं तर त्याने किलोमीटरचे मीटर केलेले नाहीत. घाईखोर मुलांचं हमखास हेच येतं.

"छोटे धक्के बसले की ताण निघून जातो"

कोयनेबद्दल हे फार बोललं जातं. महत्तेत एकाची वाढ म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट. म्हणजे ६ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघायला ४ चे हजारभर धक्के हवेत. आणि कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचं कारण म्हणून "पाण्याचं वजन" एवढंच लिहून थांबू नका. ताण खडकात आधीच साठलेला असतो. जलाशयातलं पाणी भेगांत झिरपून तिथला दाब वाढवतं आणि घर्षणाची पकड सैल होते. धरण निमित्त ठरतं, ताण त्याने निर्माण केलेला नसतो.

अपिकेंद्र काढताना

अपिकेंद्र म्हणजे नाभीच्या थेट वरचा जमिनीवरचा बिंदू. भूकंपमापकावर आधी पोचणाऱ्या प्राथमिक आणि मागून येणाऱ्या दुय्यम लहरींमधलं अंतर सेकंदांत मोजून ८ ने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते मिळतं. हा सोपा ठोकताळा जवळच्या भूकंपांपुरताच, हजार किलोमीटरवर चालत नाही. तीन केंद्रांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळं काढतात; ती एका बिंदूत छेदली नाहीत म्हणून कंपास सरकवू नका. मिळतं ते नाभीपर्यंतचं तिरकं अंतर, त्यामुळे मध्ये छोटा त्रिकोण उरणारच.

व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी

प्रदर्शनातला हा लाल फेस एकदाचा बंद व्हावा. त्यात वायू रासायनिक क्रियेने तयार होतो. खऱ्या शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, तो आधीच विरघळलेला असतो आणि वर येताना दाब कमी झाला की बुडबुडे होऊन सुटतो. त्यापेक्षा दोन ग्लास घ्या, एकात पाणी, दुसऱ्यात घट्ट काकवी, आणि दोन्हीत नळीने हवा फुंका. पाण्यातून बुडबुडे सहज निघतात, काकवीत अडकतात, फुगतात आणि फुटून उडतात. सिलिका (वाळूतला मुख्य घटक) कमी तर शिलारस पातळ, जास्त तर चिकट. स्फोटकपणा बराचसा यावर ठरतो. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, वितळलेला असताना पातळ होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लांबलांब भेगांतून वाहिला आणि थरावर थर बसले. म्हणून सह्याद्रीच्या कड्यांवर आडवे पट्टे दिसतात. तक्त्यावर मात्र मुलं शंकूच काढतात!

त्याच तक्त्यावर खाली लाव्ह्याचा समुद्र रंगवलेला असतो. प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांमधला थर, घन आहे. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून जातात आणि द्रव बाह्यगाभ्यात अडतात. घन खडक वर सरकताना दाब घटला, किंवा त्यात पाणी मिसळलं, तर थोडासा भाग वितळतो.

"लाव्ह्यापासून पळा" हा सल्लाही अपुरा. कोलंबियातल्या नेवादो देल रुईझचा १९८५ चा उद्रेक तसा लहानच, पण शिखरावरचं बर्फ वितळून चिखलाचे लोंढे उतरले आणि आर्मेरो गाव गाडलं गेलं. सुमारे २३ हजार माणसं गेली.

किरकोळ, पण दरवर्षीच्या

लोणार ज्वालामुखीचं विवर नाही, उल्काघाताचं आहे. भारतातला जागृत ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट.

कोकणातल्या उन्हाळ्यांखाली, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांखाली, ज्वालामुखी नाही. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन वर आलं, तरी झरा ६० अंशांचा होऊ शकतो.