सी ड्राइव्ह रोज भरतोय? पुसण्याआधी या चुका टाळा

पीकविम्याचे शेवटचे दिवस होते. अहमदपूरकडच्या एका सेवा केंद्राचा मालक सीपीयू पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर उदगीरला माझ्या दुकानात आला. "दादा, रोज डिलीट करायलोय अन् रोज भरायलंय. सकाळी बारा जीबी मोकळे केले, संध्याकाळी परत लाल पट्टी." केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग आणि मशीनवर साधी पीडीएफ सेव्ह होईना.

त्याआधी कुणाचं तरी ऐकून त्यानं एक टीबीची जादा हार्ड डिस्क बसवून घेतली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. भरत होता सी, आणि नवा डी ड्राइव्ह रिकामाच पडून होता.

सगळेच करतात ती चूक त्यानंही केली होती. रनमध्ये (विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबली की येणारी चौकट) %temp% टाकून टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फायलींचं फोल्डर, उघडायचं, दिसेल ते पुसायचं, झालं. पण तिथून उघडतं ते लॉगिन केलेल्या माणसाचं टेम्प. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत दुसरं टेम्प असतं, त्यात खुद्द सिस्टिम लिहिते. ते उघडायला ॲडमिनची परवानगी लागते, म्हणून तिकडं कुणी फिरकत नाही. एक्सप्लोररही फोल्डरचा आकार समोर दाखवत नाही. कोणतं फोल्डर किती जागा खातं ते दाखवणारा विझट्री किंवा विनडिरस्टॅट हा प्रोग्राम ॲडमिन म्हणून चालवा. विझट्री ड्राइव्हची मूळ यादीच वाचतं, त्यामुळे जुन्या मशीनवरही फार वाट बघावी लागत नाही.

इथं त्या दुसऱ्या टेम्पमध्ये 'कॅब' नावानं सुरू होणाऱ्या फायलींचा ढीग निघाला. मशीन विंडोज 7 चं. हा जुना, ओळखीचा रोग आहे. विंडोज अपडेटची नोंद सीबीएस नावाच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, होते. लॉग वाढला की मेककॅब हा छोटा प्रोग्राम तो दाबून कॅब फाइल करतो. पण लॉग 2 जीबीच्या पुढं गेला की मेककॅबला तो झेपत नाही. अर्धवट फाइल टेम्पमध्ये टाकून तो थांबतो, थोड्या वेळानं पुन्हा तोच लॉग घेतो, पुन्हा अर्धवट. तुम्ही टेम्प पुसत राहता आणि मूळ लॉग मात्र विंडोजच्या लॉग्स फोल्डरात तसाच बसलेला.

सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर (अपडेट बसवणारी आणि हा लॉग लिहिणारी सेवा) थांबवला, सीबीएस फोल्डरमधला तो अवाढव्य लॉग डी ड्राइव्हवर हलवला (नवी डिस्क एवढ्या कामाला आली), मग कॅब फायली उडवल्या आणि मशीन रिस्टार्ट केलं. क्रम महत्त्वाचा. आधी लॉग, मग टेम्प. लॉग पुन्हा फुगायला लागला तर एखादं अपडेट सारखं फसतंय का ते बघा.

तुमच्याकडं दुसरंच काही निघू शकतं. भरण्याचं काम चालू असतानाच विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कच्या टॅबमध्ये राइटच्या आकड्यावर क्रम लावा. कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलवर लिहितोय ते तिथं दिसतं. हे बघायच्या आधीच क्लीनर चालवला तर चोराच्या पावलांवर स्वतःच झाडू फिरवल्यासारखं होतं.

लग्नाचे अल्बम करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. फोटोशॉप चालू असताना लाइट गेली की त्याची टेम्प फाइल मागं राहते, एकेक कित्येक जीबीची. आमच्याकडं लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. फोटोशॉप बंद करून त्या पुसल्या तरी चालतात. आणि यूपीएसची बॅटरी बदला, मालक.

विनएसएक्सएस फोल्डर (यात विंडोजचेच भाग असतात) मोठं दिसलं म्हणून हातानं कधीच पुसू नका. त्यातल्या बऱ्याच फायली दोन ठिकाणी मोजल्या जातात, म्हणून तो आकडा फुगलेला दिसतो. पुसलंत तर विंडोज नव्यानं टाकायची वेळ येते. हायबरफिल ही फाइलही काही जीबी खाते, आणि हायबरनेशन (चालू काम डिस्कवर लिहून मशीन बंद करायची सोय) बंद केलं की जाते. पण बॅटरी संपत आली की बरेच लॅपटॉप हायबरनेटवरच चालू काम वाचवतात. गावात दुपारभर लाइट नसेल तर तेवढे जीबी तिथंच राहू द्या.