चंद्राच्या फोटोत काही वेगळं दिसलं, तर आधी काय तपासाल?

चंद्राच्या फोटोत सरळ रेघ, घुमट किंवा नकाशात नसलेला ठिपका दिसला, की पहिलं काम मूळ फाइल जपून ठेवण्याचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत तपासायला घेऊच नका. कॉम्प्रेशनमध्ये तिचे बारकावे गेलेले असतात आणि नसलेले चौकोन उमटलेले असतात. मोबाइलचा फोटो असेल तर जास्त सावध राहा, कारण काही फोन चंद्र ओळखून तपशील सॉफ्टवेअरनेच भरतात. फाइलसोबत तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, ठिकाण, दुर्बिणीचा व्यास आणि एक्स्पोजर लिहून ठेवा. तिथीही लिहा, शुद्ध अष्टमी म्हटलं की उजेड-अंधाराची सीमा साधारण कुठे होती ते लगेच कळतं.

मग कॅमेऱ्याची झडती. व्हिडिओच्या सुट्या फ्रेम एकेक करून बघा. चंद्र सरकला तरी ठिपका चौकटीत जागच्या जागी राहिला, तर तो सेन्सरवरची धूळ किंवा हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचा कायम उजळ दिसणारा बिघडलेला बिंदू. शार्पनिंग पूर्ण काढून टाका. ते जास्त झालं की विवरांच्या कडेला दुहेरी रेघा उमटतात आणि त्या अगदी खऱ्या वाटतात.

आता थोडं गणित. चंद्रावरचं सुमारे 1.9 किलोमीटर अंतर आपल्याला एका विकलेएवढं, म्हणजे अंशाच्या 3600 व्या भागाएवढं दिसतं. 200 मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून वेगळ्या दिसू शकणाऱ्या बारकाव्याची मर्यादा, हवा अगदी स्थिर असली तरी, साधारण 1.1 किलोमीटर. त्याहून बारीक 'इमारत' दिसत असेल तर ती फोटोतच तयार झालेली आहे. सावल्यांचं मात्र वेगळं आहे. चंद्रावरच्या त्या जागी सूर्य क्षितिजापासून एक अंश वर असताना 100 मीटरच्या उंचवट्याची सावली साडेपाच किलोमीटरहून लांब पडते. उंचवटा दिसत नाही, सावली ठसठशीत दिसते.

उजेडाने जाणकारही फसले आहेत. लिने हे विवर नाहीसं होऊन तिथे पांढरा डाग उरला, असं अथेन्सच्या वेधशाळेचे युलिउस श्मिट यांनी 1866 मध्ये जाहीर केलं आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. लिने आजही जागेवर आहे. जेमतेम सव्वादोन किलोमीटरचं हे विवर सूर्य वर आला की भोवतालच्या उजळ पट्ट्यात हरवतं.

म्हणून त्याच उजेडात पुन्हा फोटो घ्या. 29.5 दिवसांनी कला तीच येते, पण अर्ध्या दिवसाच्या फरकाने चंद्र क्षितिजाखाली असू शकतो. 59 दिवसांनी जवळजवळ तीच वेळ साधते. चंद्राच्या डुलण्यामुळे थोडा फरक राहीलच. मधल्या काळात चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानाच्या किंवा चांद्रयान-2 च्या प्रतिमांत ती जागा शोधा.

क्षणभराचा लखलखाट असेल तर दुसरी संधी नाही. तो खराही असू शकतो : 17 मार्च 2013 ला नासाने टिपलेल्या अशा लखलखाटाच्या जागी नंतर 18 मीटरचं नवं विवर सापडलं. पण एकाच फ्रेममधला ठिपका वैश्विक किरणाचा (अंतराळातून येऊन सेन्सरवर आदळलेल्या कणाचा) किंवा उपग्रहाच्या चमकेचाही असतो. त्यासाठी दुसऱ्या गावातल्या मित्राला त्याच वेळी चंद्राचं रेकॉर्डिंग करायला आधीच सांगून ठेवा आणि दोघांची घड्याळं जीपीएसच्या वेळेशी जुळवून घ्या.