माणसाच्या चेहऱ्याचा ढेकूण: ओळखताना आणि नोंदवताना या चुका टाळा

गोव्यात काजूच्या भाटात (बागेत) किंवा गुलमोहराखाली फिरताना हा किडा एकदा दिसला की विसरत नाही. अंग लाल, भगवे किंवा पिवळे, दोन्ही पंखांवर एकेक ठसठशीत काळा ठिपका आणि मागे पंखांचे काळे, पातळ टोक. तो डोके खाली करून बसला असेल तर चक्क माणसाचा चेहरा दिसतो. ठिपके म्हणजे डोळे, पाठीवरची त्रिकोणी ढाल म्हणजे नाक आणि काळे पंखटोक म्हणजे चापून बसवलेले केस. शास्त्रीय नाव कॅटाकॅन्थस इन्कार्नेटस. पेंटॅटोमिडी या कुळातला हा ढाल-ढेकूण, इंग्रजीत ज्यांना शिल्ड बग किंवा स्टिंक बग म्हणतात त्यांच्यातला. इतका उठून दिसणारा जीव, तरी त्याला ओळखताना पुन्हा पुन्हा त्याच त्या चुका होतात. त्यातली एक तर बागायतदाराच्या खिशाला आणि मोहोरावरच्या मधमाश्यांना महाग पडते.

रंगावरून जात ठरवू नका

लाल दिसला ती एक जात, पिवळा दिसला ती दुसरी, असे समजून फोटोंना वेगवेगळी नावे देणारे बरेच भेटतात. या किड्याचा मूळ रंग मुळातच बदलता आहे. गडद लाल, नारिंगी, पिवळा, अगदी मलईसारखा फिकट, हे सगळे एकाच जातीत सापडतात. त्यामुळे रंग बाजूला ठेवा आणि काळे भाग पाहा. डोके, मिशा आणि पाय निळसर झाक असलेले काळे, मानेलगतची कड तशीच गडद, कडक पंखावर एकेक मोठा ठिपका, पोटाच्या कडेला आलटूनपालटून गडद-फिकट पट्टे. लांबी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या ढाल-ढेकणांत हा अंगाने चांगलाच थोराड.

लाल अंग आणि काळा ठिपका एवढ्यावरच थांबलात तर भेंडीवरचा किंवा सावरीखालचा लाल ढेकण्याही याच नावाने नोंदवला जाईल. तो डिस्डर्कस, कूळच वेगळे. अंगाने सडपातळ, लांबीला बराच कमी, पोटाखाली पांढऱ्या आडव्या रेघा. शंका राहिलीच तर भिंगाखाली मिशांचे पेर मोजा. लाल ढेकण्याला चार पेरे, प्रौढ ढाल-ढेकणाला पाच. पेंटॅटोमिडी कुळाच्या नावातला ‘पेंटा’ याच पाचांचा. हा एक आकडा पाठ असला तरी निम्मे घोटाळे जागीच मिटतात.

प्रत्येक कडक पाठीचा किडा भुंगेरा नसतो

चकचकीत पाठ दिसली की ‘बीटल’ म्हणून मोकळे होणे ही दुसरी नेहमीची चूक. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कडक झाकणे मधोमध एका सरळ रेघेत मिळतात. ढेकणाचे पुढचे पंख अर्धे चामड्यासारखे, अर्धे पातळ पापुद्र्यासारखे असतात आणि ते एकमेकांवर चढतात. मागच्या टोकाला त्यांची फुली पडल्यासारखी दिसते. शिवाय भुंगेऱ्याला चावणारे जबडे असतात, ढेकणाला रस ओढणारी सोंड.

खरी गफलत रत्नासारख्या चमकणाऱ्या ढेकणांच्या बाबतीत होते. क्रायसोकोरिस प्रजातीतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) हिरवे-निळे, काळ्या ठिपक्यांचे ढेकूण स्क्युटेलेरिडी कुळातले. त्यांची ढाल वाढून सगळी पाठ झाकते, त्यामुळे पंख दिसतच नाहीत. पण तीच खूण आहे. पाठीवर मधली रेघ अजिबात नसेल, एकच अखंड कवच असेल, तर तो भुंगेरा नव्हे. चेहऱ्याच्या ढेकणाची ढाल एवढी मोठी नसते. ती त्रिकोणीच राहते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंख उघडे दिसतात.

काजूवर दिसला की पंप उचलू नका

काजूच्या भाटात ‘ढेकण्या पडला’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा म्हणायचे असते टी मॉस्किटो बग, म्हणजे हेलोपेल्टिस. पावसाळा संपून पालवी फुटली की हा येतो आणि मोहोरावर कहर करतो. तो मिरिडी कुळातला, ढाल-ढेकूण नव्हेच. अंगाने डासासारखा किरकोळ, सहा ते आठ मिलिमीटर, लांब पाय आणि त्याहून लांब मिशा. पाठीवर टाचणी उभी खोचावी तसा एक बारीक काटा, टोकाला गोळी. हा काटा एकदा नीट पाहून ठेवला की पुढे कधी फसायला होत नाही. तो सोंड खुपसतो तिथे पाणथळ डाग पडतो, डिंकासारखा थेंब येतो, मग डाग काळपट होतो, कोवळा शेंडा सुकतो आणि मोहोर करपल्यासारखा दिसतो.

घोळ असा होतो. हेलोपेल्टिस सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त दिसतो. दुपारी भाटात गेलात तर सुकलेला मोहोर दिसतो, पण तो करणारा दिसत नाही. डोळ्यांत भरतो तो फांदीवर घोळका करून बसलेला लाल, चेहऱ्याचा ढेकूण. लगेच आरोप त्याच्यावर. मग त्याच्यासाठी म्हणून भर दुपारी, मोहोर फुललेला असताना, मधमाश्या आणि माश्या फुलांवर असताना फवारणी होते. खरा चोर सुटतो आणि परागीकरण करणारे मरतात.

चेहऱ्याचा ढेकूण अगदीच निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. भारतात काजूवरची कीड म्हणून त्याची नोंद आहे, त्याची पिल्ले आणि प्रौढ दोन्ही रस शोषतात. पण त्याचा उपाय वेगळा आणि सोपा. पहाटे अंग थंड असते तेव्हा हे किडे सुस्त असतात, हादरा बसला की टपाटप खाली पडतात. साबणाचे पाणी घातलेली रुंद बालदी खाली धरा आणि फांदी हलवा. चार-दोन झाडांवरचा थवा उतरवायला एवढे पुरते. हेलोपेल्टिससाठीची फवारणी पालवी, मोहोर आणि फळधारणा या टप्प्यांवर बेतलेली असते. ती करायची की नाही आणि कशाची, हे तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे इथल्या, एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत विचारून ठरवा. जाताना सुकलेला शेंडा आणि किड्याचा फोटो, दोन्ही न्या.

आणखी एक गोष्ट पंप उचलायच्या आधी पाहायची. काही ढाल-ढेकूण पिकाचे मित्र असतात. इओकँथेकोना हा त्यांतला एक, तपकिरी, खांद्यांवर टोकदार काटे असलेला. तो अळ्यांना सोंड खुपसून त्यांचा रस पितो. ओळखायचे कसे? किडा काचेच्या बाटलीत घ्या आणि खालून पाहा. झाडाचा रस पिणाऱ्याची सोंड बारीक असते आणि डोक्याखाली चिकटून मागे वळलेली असते. शिकाऱ्याची सोंड जाडजूड असते, ती तो पुढे ताठ करू शकतो. सोंडेच्या टोकाला अळी लोंबताना दिसली तर त्याला तसाच राहू द्या.

पिल्ले म्हणजे दुसरी जात नव्हे

ढेकणांत कोश नसतो. अंड्यातून पिल्लू येते, पाच वेळा कात टाकते आणि प्रौढ होते. प्रत्येक टप्प्यात रंग आणि ठेवण बदलते, पंख नसतात, शेवटच्या टप्प्यांत पंखांच्या नुसत्या कळ्या दिसतात. मिशांची पेरेही पिल्लांत चारच असतात, म्हणून वरची पाच पेरांची कसोटी पिल्लांना लावू नका. चेहरा शोधू नका, तो प्रौढाच्या पंखांवर असतो. पिल्लांची जात ठरवायची तर त्याच फांदीवर प्रौढ आहे का पाहा किंवा पिल्लू मोठे होईपर्यंत झाडावरच त्याच्यावर लक्ष ठेवा.

अंडी छोट्या पिंपांसारखी, एकमेकांना चिकटून घातलेली असतात. रिकामी टरफले भिंगातून जरूर पाहा. वरचे झाकण गोल, स्वच्छ उघडले असेल तर पिल्लू बाहेर पडले. कडा कुरतडलेल्या आणि भोक वेडेवाकडे असेल तर आत गांधीलमाशीच्या जातीतला एक सूक्ष्म परजीवी वाढला आणि तो बाहेर आला. अशी अंडी बरीच दिसली तर तुमच्या भाटात फुकटचे कीडनियंत्रण चालू आहे.

मोबाइलने दिलेले नाव तसेच्या तसे उतरवू नका

फोटोवरून नाव सांगणारी ॲप उपयोगी आहेत, पण झाडाच्या सालीवर बसलेला एखादा तपकिरी ढेकूण दाखवला की ती हॅलिओमॉर्फा हॅलिस हे नाव सुचवतात. हा मूळचा चीन, जपान, कोरियाकडचा, पुढे अमेरिकेत आणि युरोपात पसरलेला किडा. त्याचे फोटो इंटरनेटवर ढिगाने आहेत, म्हणून तो पहिला येतो. गोव्यात सांगे-केप्याकडे झाडाच्या सालीवर दिसलेला तपकिरी ढेकूण आपल्याकडच्या हॅलिस या वेगळ्याच प्रजातीतला (नाव सारखे, पण किडा दुसरा) असण्याचा संभव कितीतरी जास्त. नाव स्वीकारण्याआधी ती जात कुठे आढळते ते वाचा.

चेहऱ्याच्या ढेकणाचे तसे नाही. त्याचा पसारा भारत, श्रीलंका आणि तिथून आग्नेय आशियात थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत आहे. इथे उलटी चूक होते. ऑनलाइन नकाशावर आपल्या तालुक्यात ठिपका नाही, म्हणजे किडा इथे नसतोच, असे धरले जाते. ठिपके तिथे पडतात जिथे माणसे कॅमेरा घेऊन जातात. मोले आणि बोंडला या अभयारण्यांच्या वाटांवर पर्यटक असतात, पेडण्यातल्या एखाद्या काजूच्या डोंगरावर नसतात. म्हणून नोंद करताना तारीख, गाव आणि तालुका, कोणत्या झाडावर दिसला, किती होते, हे लिहा. एक फोटो पाठीचा सरळ वरून, एक बाजूने, जमल्यास एक खालून सोंडेचा. फक्त चेहऱ्याचा गमतीदार फोटो काढला तर बाकीच्या खुणा निसटतात. अभयारण्यात मात्र कॅमेऱ्यावरच थांबा, वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथून काही उचलायचे नाही.

नाव लिहिताना कंस विसरू नका. कॅटाकॅन्थस इन्कार्नेटस (ड्रुरी, १७७३) असे लिहिले जाते. ड्रू ड्रुरी हा लंडनचा चांदीकाम करणारा आणि कीटकांचा संग्राहक. त्याने १७७३ मध्ये याला सायमेक्स या प्रजातीत टाकले होते, जिच्यात आज खाटेतला ढेकूण आहे. पुढे जात कॅटाकॅन्थसमध्ये हलवली गेली आणि मूळ लेखकाचे नाव कंसात गेले. कंस नसेल तर अर्थ होतो की जात पहिल्यापासून याच प्रजातीत होती, आणि ते चूक आहे.

शेवटी हाताळण्याबद्दल. प्रौढाच्या वासाच्या ग्रंथी छातीच्या खालच्या बाजूला, पायांच्या मुळाशी उघडतात, पिल्लांच्या पोटाच्या पाठीवर. चिमटीत धरलात तर तो द्रव बोटांना लागतो, वास साबणानेही लवकर जात नाही आणि तोच हात डोळ्यांना लागला तर आग होते. या वासातले एक रसायन कोथिंबिरीतही असते, म्हणून काहींना तो ओळखीचा वाटतो. छोटी डबी किड्यासमोर धरा आणि मागून पानाने हलकेच ढकला. तो आपणहून आत जातो.