कॉम्प्लेक्स फोरची अँटिबॉडी: मागवण्यापासून बँड येईपर्यंत

माइटोकॉन्ड्रियावर काम सुरू झालं की बहुतेक लॅबमधे पहिली ऑर्डर जाते ती सायटोक्रोम सी ऑक्सिडेजच्या अँटिबॉडीची, म्हणजे श्वसनसाखळीतला शेवटचा एन्झाइम, ऑक्सिजनचं पाणी करणारा कॉम्प्लेक्स फोर. ती लागते वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे प्रोटीन्स जेलवर आकारानुसार वेगळी करायची, मेम्ब्रेनवर उतरवायची आणि हवं ते अँटिबॉडीने पट्टा (बँड) म्हणून बघायचं. ऑर्डरच्या फॉर्मवर नुसतं 'कॉक्सची (सायटोक्रोम ऑक्सिडेजची) अँटिबॉडी' लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अँटिबॉडी सहसा अख्ख्या एन्झाइमची मिळत नाही, त्याच्या एखाद्या सबयुनिटची, म्हणजे एन्झाइम ज्यांनी बनतो त्यातल्या एका प्रोटीनची मिळते. पुस्तकात 13 सबयुनिट असतात, एनडीयूएफए-फोर धरलं तर 14, त्यातली सगळ्यात मोठी तीन माइटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएवरून तिथेच बनतात आणि बाकीची न्यूक्लियसच्या जीन्सवरून बाहेर बनून आत पाठवली जातात.

त्यामुळे आधी प्रश्न काय आहे ते ठरवा. माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए कमी झालाय का, किंवा आतलं ट्रान्सलेशन (प्रोटीन बनणं) बंद पडलंय का हे बघायचं असेल तर त्या तिघांतलं पहिलं, एमटी-सीओ-वन घ्या. पेशीत माइटोकॉन्ड्रिया साधारण किती आहेत किंवा फ्रॅक्शनेशन (पेशीचे भाग वेगळे करणं) नीट झालंय का एवढंच बघायचंय तर कॉक्स-फोर हे न्यूक्लियसवरून बनणारं सबयुनिट पुरतं, बँड 17 किलोडाल्टनच्या आसपास येतो आणि चांगली अँटिबॉडी असेल तर स्वच्छ येतो. आणि 'कॉक्स-टू' सर्च करून समोर येईल ते कार्टमधे टाकू नका प्लीज, तिथे बऱ्याचशा अँटिबॉडी सायक्लोऑक्सिजिनेज-टूच्या असतात, तो सूज आणि वेदनेशी संबंधित पूर्ण वेगळा एन्झाइम, 70 किलोडाल्टनच्या जवळ दिसणारा. डेटाशीटवर जीनचं नाव एमटी-सीओ-टू आहे की पीटीजीएस-टू, एवढी एक ओळ वाचली की पैसे वाचतात. इम्पोर्टेड व्हायल यायला किती वाट बघावी लागते ते इथल्या प्रत्येक पीएचडीवाल्याला माहितीये.

होस्टही, म्हणजे अँटिबॉडी कुठल्या प्राण्यात बनवली तेही बघून घ्या. उंदराचं टिश्यू आणि माउस मोनोक्लोनल अशी जोडी असेल तर अँटी-माउस सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटिबॉडीला पकडणारी दुसरी अँटिबॉडी) टिश्यूमधल्या रक्ताच्या आयजीजी अँटिबॉडीलाही चिकटते आणि 50 ला व 25 किलोडाल्टनला जाड पट्टे येतात. कॉक्स-फोर खाली असल्यामुळे सुटतो, पण एमटी-सीओ-टू बरोब्बर त्या 25 च्या पट्ट्यात अडकतो. अशा वेळी रॅबिटमधली घ्या.

आता सॅम्पल. लोडिंग बफर घातला की 95 डिग्रीला पाच मिनिटं, ही सवय हातात इतकी बसलेली असते की कोणी विचारच करत नाही. कॉक्स-फोरला त्याने काही होत नाही. पण एमटी-सीओ-वन मेम्ब्रेनमधून 12 वेळा आरपार जाणारं, अतिशय हायड्रोफोबिक प्रोटीन आहे, उकळलंत की उकडलेल्या अंड्यासारखा त्याचा गठ्ठा होतो आणि ते जेलमधे शिरतच नाही, वेलच्या (सॅम्पल घालायच्या खाचेच्या) तोंडाशी अडकून बसतं. मग अँटिबॉडी खराब आहे म्हणून कंपनीला मेल जातो. सॅम्पलचे दोन भाग करा, एक नेहमीसारखा उकळा, दुसरा 37 डिग्रीला अर्धा तास ठेवा, शेजारी शेजारी चालवा, फरक डोळ्यांनी दिसेल. श्वसनसाखळीच्या पाचही कॉम्प्लेक्सच्या अँटिबॉडींचं कॉकटेल वापरत असाल तर त्यालाही हाच नियम, सॅम्पल 50 डिग्रीच्या वर नेऊ नका. अजून एक, एमटी-सीओ-वनचं हिशोबाने वजन 57 किलोडाल्टन येतं पण जेलवर ते 35 ते 40 मधे पळतं, त्यामुळे बँड खाली आला म्हणून घाबरू नका.

कॉक्स-फोरसाठी जेल 15 टक्क्यांचं घ्या किंवा ग्रेडियंट. 10 टक्क्यांच्या जेलवर तो डायच्या (लोडिंग बफरमधल्या रंगाच्या) जवळपास पळतो आणि डाय बाहेर जाईपर्यंत चालवलंत तर तोही बफरमधे गेला समजा. पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) 15-20 मायक्रोग्रॅम, हार्टचा असेल तर 5 सुद्धा खूप होतो. मेम्ब्रेन 0.2 मायक्रॉनची पीव्हीडीएफ, मेथॅनॉलमधे भिजवून घ्यायची. रात्रभर ट्रान्सफर करणाऱ्यांनी पहिल्या मेम्ब्रेनमागे एक जास्तीची मेम्ब्रेन लावून बघा, नंतर दोन्हींवर पॉन्सो (सगळी प्रोटीन्स रंगवणारा लाल रंग) टाका, छोटी प्रोटीन्स पहिलीतून आरपार गेली असतील तर मागच्या मेम्ब्रेनवर खालच्या बाजूला गुलाबी रेषा दिसतील. पुढचं नेहमीचंच, ब्लॉकिंग एक तास, प्रायमरी 1:1000 पासून सुरू करून 4 डिग्रीला रात्रभर, धुणं तीन वेळा.

कंट्रोलशिवाय बँडला अर्थ नाही. सगळ्यात सोपा कंट्रोल म्हणजे क्लोरॅम्फेनिकॉल, ते माइटोकॉन्ड्रियातलं ट्रान्सलेशन थांबवतं, दोनचार दिवस पेशींना दिलं की एमटी-सीओ-वन उतरतो आणि पूर्ण न्यूक्लियसवरून बनणाऱ्या कॉम्प्लेक्स टूमधला एसडीएचए जागेवर राहतो. दोन्ही सारखेच उतरले तर तुमच्या लोडिंगचाच प्रॉब्लेम आहे.

माझं स्पष्ट मत, कॉक्स-फोरला डोळे झाकून लोडिंग कंट्रोल (सगळ्या वेलमधे सारखंच सॅम्पल पडलंय हे दाखवणारं प्रोटीन) म्हणून वापरणं बंद व्हायला हवं. व्यायामाचा अभ्यास करणाऱ्या हॉलोझींनी 1967 मधेच दाखवलं होतं की ट्रेडमिलवर पळायला लावलेल्या उंदरांच्या स्नायूत माइटोकॉन्ड्रियाचे श्वसन एन्झाइम जवळजवळ दुप्पट होतात, मग व्यायामाच्या प्रयोगात तोच एन्झाइम 'न बदलणारा' म्हणून कसा चालेल? हायपॉक्सियात (ऑक्सिजन कमी पडल्यावर) तर काही पेशी कॉक्स-फोरचा पहिला आयसोफॉर्म (त्याच प्रोटीनचा प्रकार) कमी करून दुसरा वाढवतात. अशा ठिकाणी व्हीडॅक (माइटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या मेम्ब्रेनचं प्रोटीन) किंवा सरळ टोटल प्रोटीन स्टेन घ्या, आणि अँटिबॉडी कुठला आयसोफॉर्म ओळखते ते डेटाशीटवर बघा.

बँड जाड आला म्हणजे एन्झाइम जोरात चालतोय असंही नाही. त्यासाठी वेगळी अ‍ॅक्टिव्हिटीची चाचणी करावी लागते, रिड्यूस्ड सायटोक्रोम सीचं 550 नॅनोमीटरला शोषण किती वेगाने उतरतं ते मोजायचं. इथे एक गंमत आहे, अँटिबॉडीत प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून घातलेलं सोडियम अझाइड हे स्वतःच कॉम्प्लेक्स फोरचं इनहिबिटर आहे, त्यामुळे अँटिबॉडीने एन्झाइम पकडून अ‍ॅक्टिव्हिटी मोजायची असेल तर पकडून झाल्यावर नीट धुवा किंवा अझाइड नसलेली व्हायल मागवा. एचआरपीही (सेकंडरीला जोडलेला, बँड दाखवणारा एन्झाइम) अझाइडने मरतं, म्हणून पुन्हा वापरायला ठेवलेल्या डायल्यूट प्रायमरीत अझाइड चालेल, एचआरपी सेकंडरीत अजिबात नाही, आणि ट्यूबवर तसं लिहून ठेवा, कारण फ्रिजमधे दोन्ही ट्यूब सारख्याच दिसतात.